घाटात गाडी लोळते: सस्पेन्शन सुधारायचंय, सुरुवात कुठून करू?

वळणवेडा

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी मधल्या आकाराची, दोन सिलिंडरची, तीन वर्षं माझ्याकडे आहे. पुढे ४१ मिमीचा साधा फोर्क, त्याला फिरवायला कुठे काहीच दिलेलं नाही. मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉक यांच्यामध्ये दांड्यांची जोडणी असलेला) एकच शॉक. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सात पायऱ्या आणि खाली रिबाउंडचा (दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत वर येईल ते ठरवणारा) एक स्क्रू. सरळ रस्त्यावर काही तक्रार नाही. पण घाट सुरू झाला की गाडीचं रूपच पालटतं.

वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते, आणि जोरात दाबला तर शेवटी खालून 'ठक्' असा आवाज येतो. गाडी झोपवलेली असताना मधे एखादा उंचवटा आला की मागची बाजू दोन-तीनदा डुलते, पोटात गोळा येतो. आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गाडी मी धरलेली रेष सोडून बाहेरच्या बाजूला सरकत जाते. हँडल रेटून आत ठेवावी लागते.

माझं वजन ८४ किलो, हेल्मेट-जॅकेट-बुटांसकट ९२. मागे सहसा कोणी नसतं.

डोक्यात असं आहे की मागे एक चांगला महागडा शॉक टाकावा, सोनेरी रंगाचा, आणि पुढे फोर्कमध्ये जाड तेल भरावं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बुलेटप्रूफ_बंड्या

पुढे २० नंबरचं तेल घाल, मागे प्रीलोड सातव्या पायरीवर कर. स्प्रिंग कडक होते, लोळणं बंद. माझ्या तिन्ही गाड्यांना हेच केलंय. काम फत्ते.

तेलकट_हात

बंड्याभाऊ, हलकं घ्या, पण या दोन ओळींत दोन गैरसमज आहेत. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

वळणवेडा, तोवर एक कर. शॉक, तेल, सगळं बाजूला ठेव. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोज. मग पुढचं चाक हवेत उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरव, मधोमध कुठे खाच लागल्यासारखं अडतंय का बघ. अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मागचं चाक उचलून स्विंगआर्म, म्हणजे आपला चिमटा, आडवा हलवून बघ. लिंकेजच्या बेअरिंगना तीन वर्षांत कोणी ग्रीस लावलंय का? या गोष्टी ढिल्या असतील तर वर सोन्याचा शॉक लावलास तरी गाडी लोळणारच.

वळणवेडा

धन्यवाद दादा. हवा मागे तब्बल ६ पीएसआय कमी निघाली. लाज वाटली. कोनसेट ठीक आहे. चिमट्यात खेळ नाही, पण लिंकेजचा एक बोल्ट काढला तर आत ग्रीसऐवजी तांबूस भुकटी. साफ करून भरलं. बेअरिंगच्या सुया शाबूत आहेत.

डुलणं थोडं कमी झालंय. बाकी दोन्ही तक्रारी जशाच्या तशा.

तेलकट_हात

छान. आता मुद्द्याचं.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. समज स्प्रिंग अशी आहे की तिला एक मिमी दाबायला एक किलो लागतो. तू तिला आधीच १० मिमी दाबून बसवलीस, तरी पुढच्या प्रत्येक मिमीला एकच किलो लागणार. फरक एवढाच की पहिले १० किलो पडेपर्यंत ती हलणारच नाही, म्हणून गाडी वर उचललेली राहते. प्रीलोड हा उंचीचा स्क्रू आहे, कडकपणाचा नाही. कडकपणा हवा तर स्प्रिंग बदलावी लागते.

आणि म्हणूनच सगळ्यात आधी सॅग मोजायचा. गाडी मोकळी लटकत असताना सस्पेन्शन जितकं लांब असतं, त्यातून स्वतःच्या वजनाने ती किती बसते तो रिकामा सॅग. वर तू पूर्ण तयारीनिशी बसल्यावर किती बसते तो स्वारासह सॅग. रस्त्यावरच्या गाडीला स्वारासह सॅग एकूण प्रवासाच्या (चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश असावा, म्हणजे १२०-१३० मिमी प्रवास असेल तर ३०-४० मिमी. रिकामा सॅग मागे ५ ते १५, पुढे साधारण २० ते ३०.

मोजायला तीन माणसं लागतात: एक वर बसणारा, एक गाडी तोलणारा, एक टेप धरणारा. मागे अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटखाली चिकटपट्टीची खूण करून अंतर घे. पुढे फोर्कची उघडी नळी मोज. प्रत्येक माप दोनदा: एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडून, एकदा वर उचलून हळूच सोडून. दोन्हींत चार-सहा मिमीचा फरक येईल, तो सील आणि बुशचा चिकटा. सरासरी धर. फरक याहून फार जास्त आला तर फोर्क कुठेतरी अडकतोय, आधी ते शोध.

जुनं_लोखंड

तेलकटराव, उत्तम. एक पुरवणी. बसणाऱ्याने पाय फुटपेगवर आणि हात हँडलवर, नेहमीच्या बैठकीत बसायचं. आमच्याकडे एकदा चिरंजीव टाकीवर रेलून टेपकडे बघत होते. सगळी मापं चुकली.

वळणवेडा

शेजारच्या दोघांना पकडून मोजलं. दोन्हीकडे प्रवास १३० मिमी (पुस्तिकेतून). मागे प्रीलोड दुसऱ्या पायरीवर होता.

पुढे: रिकामा ३४, स्वारासह ४८.
मागे: रिकामा २२, स्वारासह ५५.

५५ म्हणजे फारच ना?

तेलकट_हात

फारच. घाटाला लागायच्या आधीच तू मागचा ४२ टक्के प्रवास खर्च करून बसलायस. आता प्रीलोड वाढवत स्वारासह ३८-४० आण आणि रिकामा किती उरतो ते परत मोज. बंड्याभाऊंचं म्हणणं अर्धं इथे तपासून होईल.

बुलेटप्रूफ_बंड्या

बघाच.

वळणवेडा

सहाव्या पायरीवर: स्वारासह ३८, रिकामा ३.

गाडी उंच वाटते, वळणात उतरायला चपळ झाली. रेषही कमी सोडते. पण छोट्या उंचवट्यावर सीट खालून लाथ मारल्यासारखी वर येते, आणि डुलणं आहेच.

तेलकट_हात

हाच तो पुरावा. स्वारासह सॅग बरोबर आणला की रिकामा सॅग जवळजवळ संपतो, याचा अर्थ स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे आणि आपण ती जबरदस्तीने दाबून उंची मिळवतोय. उलट, स्वारासह बरोबर असताना रिकामा सॅग खूप उरला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक.

रिकामा ३ म्हणजे चाकाला खाली जायला जागाच नाही. रस्त्यात खळगा आला की टायर हवेत. पकड जाते ती अशी.

गणिती

थोडं गणित करू का? कंटाळा आला तर पुढे सरका.

मागे: रिकाम्या आणि स्वारासह सॅगमधला फरक म्हणजे फक्त तुझ्या वजनाने झालेलं बसणं. पहिल्या मोजणीत ५५ वजा २२, म्हणजे ३३. दुसऱ्यात ३८ वजा ३, म्हणजे ३५. प्रीलोड चार पायऱ्या फिरवूनही तो आकडा जवळपास तोच. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हे तू स्वतःच अंगणात सिद्ध केलंस. सरासरी ३४ धर. हवा आहे स्वारासह ३६, रिकामा ९, म्हणजे फरक २७. स्प्रिंग ३४ भागिले २७, साधारण सव्वापट हवी. शॉकच्या स्प्रिंगवर आकडा छापलेला असतो, तो वाच. ८५ न्यूटन प्रति मिमी असेल तर १०५ च्या आसपासची घे.

पुढे: फोर्कच्या स्प्रिंगचा आकडा आणि बसवताना दाब किती ते कळलं तर तेही सांगतो.

जाता जाता, लिंकेजमुळे चाक साधारण २ मिमी हलतं तेव्हा शॉक १ मिमी दबतो. त्यामुळे ८५ ची स्प्रिंग चाकापाशी ८५ ची राहत नाही, दोनचा वर्ग, म्हणजे चारने भागली जाते, २१ च्या आसपास. एकदा अंतरासाठी भागायचं, एकदा बळासाठी. म्हणून मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. पुष्कळ जण तो बघून घाबरतात.

एकटी_स्वार

धागा आवडला, वाचनखूण साठवली. माझं दुखणं बरोबर उलटं आहे म्हणून विचारते. वजन ५१. त्याच वर्गातली गाडी, मागचा शॉक सगळ्यात खालच्या पायरीवर, तरी प्रत्येक उंचवट्यावर गाडी टणाटण उडते. सगळे म्हणतात "नवीन आहे, बसेल हळूहळू". दोन वर्षं बसायची वाट बघतेय.

जुनं_लोखंड

ताई, सस्पेन्शन बसत नसतं. फार तर सील थोडं मोकळं होतं, पण स्प्रिंग जन्मभर तशीच. तुम्हाला मऊ स्प्रिंग हवी. सॅग मोजून इथे टाका.

तेलकट_हात

काका म्हणतात तेच. कारखाना एका मधल्या वजनाचा माणूस धरून स्प्रिंग बसवतो. त्याच्या वर आणि खाली जे आहेत ते सगळे हा धागा वाचतायत. :)

एकटी_स्वार

मोजते. टेप धरायला माणसं जमवावी लागतील.

वळणवेडा

गणितीबुवा, आकडे सापडले. मागे ८५ च! पुढे फोर्कच्या प्रत्येक पायात (दोन नळ्यांपैकी प्रत्येकीत) ०.७५ किलो प्रति मिमी, बसवताना दाब १५ मिमी.

गणिती

झकास. तू बसलेला असताना प्रत्येक स्प्रिंग दबलीय ४८ अधिक १५, म्हणजे ६३ मिमी. दोन्ही मिळून दीड किलो प्रति मिमी. ६३ गुणिले दीड, साडेचौऱ्याण्णव किलो भार पुढे. आता ०.९० च्या स्प्रिंगा घातल्या तर दोन्ही मिळून १.८. साडेचौऱ्याण्णव भागिले १.८ म्हणजे साडेबावन्न. त्यातून तेच १५ वजा केले की स्वारासह सॅग साडेसदतीस. रिकामा असाच काढला तर २६ च्या आसपास.

फोर्कमधल्या कोंडलेल्या हवेचा दाब मी धरलेला नाही, सॅगपाशी तो किरकोळ असतो.

वळणवेडा

आणि मग सोनेरी शॉक?

तेलकट_हात

घे की, कोण नको म्हणतंय. ओहलिन्स असो, वायएसएस असो, हायपरप्रो असो, बहुतेक जण वजन विचारूनच स्प्रिंग देतात, आणि निम्मा फायदा त्या प्रश्नातच असतो. चुकीच्या स्प्रिंगचा महागडा शॉक बरोबर स्प्रिंगच्या साध्या शॉकपुढे घाटात मार खातो. तुझा शॉक गळत नसेल आणि रिबाउंडचा स्क्रू फिरवल्यावर फरक जाणवत असेल, तर आधी नुसती स्प्रिंग बदल.

तपासायची युक्ती: स्क्रू पूर्ण बंद करून सीट जोरात दाबून सोड, मागची बाजू आळसावल्यासारखी वर यायला हवी. पूर्ण उघडून तेच कर, उसळून यायला हवी. दोन्हीत फरक नसेल तर आतला प्राण गेलाय.

स्पॅनर_अकरा

शॉक स्वतः उघडायला जाऊ नका कोणी. त्यात दाबाखाली नायट्रोजन असतो. स्प्रिंग काढायलाही ती दाबून धरणारा नीट कॉम्प्रेसर लागतो. दोरी, पट्टे, मित्राचा गुडघा असले प्रयोग नकोत. ते काम सस्पेन्शनवाल्याकडेच.

बुलेटप्रूफ_बंड्या

बरं, प्रीलोडचं मान्य. पण जाड तेलाचं काय? मला फरक पडला तो खोटा का?

तेलकट_हात

फरक पडला हे खरं. काय बिघडलं ते मात्र तुम्हाला दिसलं नाही, कारण ते वेगळ्या ठिकाणी दिसतं.

तुमच्या-आमच्या गाड्यांतला साधा फोर्क म्हणजे एका नळीला पाडलेली भोकं, त्यातून तेल रेटलं जातं. ठरावीक मापाच्या भोकाचा स्वभाव असा की तेल दुप्पट वेगाने रेटलं तर विरोध जवळपास चौपट होतो. आता बघा. ब्रेक दाबल्यावर फोर्क सावकाश खाली जातो. तिथे विरोध हवा असतो, तर तेल निवांत वाहतं आणि गाडी नाक खुपसते. उलट धारदार खड्ड्यात फोर्क झटक्यात दबतो, तिथे त्याने वाट द्यायला हवी, तर तेल भोकात तुंबतं आणि दणका थेट मनगटात. जाड तेल घातलं की पहिलं दुखणं थोडं कमी होतं, दुसरं फार वाढतं. वर रिबाउंडही मंदावतो. सलग उंचवटे आले की फोर्क एकातून वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि तो खाली खालीच बसत जातो. शेवटी प्रवासच उरत नाही. स्वाराला वाटतं गाडी कडक आहे. खरं तर ती तळाला टेकलेली असते.

आणि तेलाच्या डब्यावरच्या नंबरवर फार विसंबू नका. एका कंपनीचं १० दुसरीच्या १५ च्या जवळ जाऊ शकतं. ४० अंशांना सेंटीस्टोक्स (तेलाच्या जाडीचं माप) किती ते बघून तुलना करा.

बुलेटप्रूफ_बंड्या

मनगटं दुखतात खरी. मी वयावर ढकलत होतो.

जुनं_लोखंड

:) वयाचंही थोडं असतंच. तेलाने दणका खायची कल्पना तशी फार जुनी. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ वर तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. नव्वद वर्षं होत आली आणि आपण अजून भोकांवर भांडतोय.

स्पॅनर_अकरा

भोकांवर उपाय आहे. रेसटेकचा इम्युलेटर किंवा तसल्याच झडपा. त्या नळीच्या डोक्यावर बसतात, मुख्य स्प्रिंग वरून त्यांना दाबून धरते. नळीची कम्प्रेशनची (फोर्क दबतानाची) भोकं ड्रिलने मोठी करायची, म्हणजे तिथे तेल अडत नाही, आणि अडवायचं काम झडप करते. सावकाश हालचालीत ती तेल धरून ठेवते, दणक्यात उघडून वाट देते. किती दाबाला उघडायचं ते तिच्यावरच्या छोट्या स्प्रिंगने ठरतं. रिबाउंड मात्र अजूनही तेलाच्या जाडीवरच राहतो, हे लक्षात ठेवा.

दोन गोष्टी लोक विसरतात. झडपेची जितकी उंची, तितका वरचा स्पेसर (स्प्रिंगच्या डोक्यावरचा नळीचा तुकडा) कापावा लागतो, नाहीतर प्रीलोड फुकट वाढतो. आणि पाडलेलं भोक बुजत नाही. आधी स्प्रिंग बदलून चालवून बघा, मग ड्रिल हातात घ्या.

वळणवेडा

ठरलं. पुढे ०.९० च्या स्प्रिंगा, मागे १०५. झडपा नंतर. फोर्क स्वतः उघडू का? पाने आहेत, घाई नाही.

तेलकट_हात

उघड. गाडीचं पुढचं वजन पूर्ण उचललेलं हवं, इंजिनाखाली आधार देऊन. टोपण काढलेल्या फोर्कवर गाडीचा भार आला तर अख्खी गाडी खाली बसते. एका वेळी एकच पाय. आधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला कर, मग पाय खालच्या क्लॅम्पमध्ये घट्ट असतानाच टोपण सैल कर. काढून घेतल्यावर ते फिरता फिरत नाही. शेवटच्या आट्यांपाशी टोपणावर तळहाताने जोर देऊन ठेव, खाली स्प्रिंग आहे, तोंड वर नको.

तेल मापाने ओतून मोकळा होऊ नकोस. जुनं पूर्ण निथळत नाही, त्यामुळे माप चुकतं. नवं ओतल्यावर फोर्क दहा-बारा वेळा वर-खाली करून हवा काढ, मग स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोज. पुस्तिकेत दिलेलं असेल. ती वरची हवा म्हणजे दुसरी स्प्रिंगच असते. तेल वर आणलं की हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त ताठ होतो. तुझा तो 'ठक्' स्प्रिंग बदलूनही उरला तर तेल पाच मिमी वर आण. एकदम वीस नको, सीलवर दाब येतो.

चाक बसवताना अ‍ॅक्सल आवळ, पण पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाशी चाकाचा दांडा चिमटून धरणारा) ढिला ठेवून ब्रेक धरून फोर्क चार वेळा दाब. पाय आपोआप समांतर होतात. मग पिंच बोल्ट. बहुतेक गॅरेजांत ही पायरी वगळली जाते आणि मग "नवीन सील आहे, घट्ट असणारच" ऐकायला मिळतं.

मागची_सीट

मध्येच विचारते, रच्याकने. नवऱ्याच्या मागे बसते तेव्हा प्रीलोड वाढवायचा ना? तो म्हणतो गरज नाही.

तेलकट_हात

वाढवायचा, ताई. तुमचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर पडतं. मागची बाजू बसली की फोर्कचा कोन लोळतो, हँडल आळशी होतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. नेमकं तेच वळणवेडाचं तिसरं दुखणं आहे. थ्रॉटल दिला की वजन मागे सरकतं, आधीच खाली बसलेली मागची बाजू आणखी बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी बाहेर जाते. रिबाउंडही एक-दोन क्लिक बंद करा. दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने उसळते.

मागची_सीट

हा प्रतिसाद त्याला वाचून दाखवलाय. घरात शांतता आहे.

वळणवेडा

तीन आठवड्यांनी हजर. स्प्रिंगा आल्या, पुढच्या मी घातल्या, मागची करून आणली.

आधी एक गंमत. जुनं तेल काढण्यापूर्वी सहज उंची मोजली. डाव्या पायात ११२ मिमी, उजव्यात १३९! मागच्या वर्षी एका ठिकाणी तेल बदललं होतं, तिथे नुसतं मापाने ओतलं असणार. वर्षभर मी दोन वेगवेगळे फोर्क घेऊन हिंडत होतो.

आता मापं. पुढे रिकामा २६, स्वारासह ३८. मागे तिसऱ्या पायरीवर रिकामा ९, स्वारासह ३६. गणितीबुवांना साष्टांग.

चालवून सांगतो: ब्रेकखाली नाक अजून खाली जातं, पण जाऊन थांबतं. पूर्वी ते जातच राहायचं. 'ठक्' गेला. फोर्कच्या नळीला केबल टाय बांधला होता, जोरात ब्रेक लावूनही तळाशी १४ मिमी शिल्लक. आणि बाहेर पडताना गाडी रेष धरते! हँडल रेटावं लागत नाही. एकाच वळणावर मुद्दाम चार फेऱ्या मारल्या.

पण मागची बाजू उंचवट्यावर अजून एकदा डुलते. पूर्वी तीनदा, आता एकदा.

गणिती

झोपलेल्या गाडीत भार वाढतो हे लक्षात घे. ३० अंशांना सरळपेक्षा १.१५ पट, ४५ ला १.४१ पट. तोही सगळा सस्पेन्शनवर. म्हणजे वळणात तुझा सॅग ३६ नसतो, त्याहून बराच जास्त असतो, आणि वर उंचवटा येतो. पूर्वी ५५ वर हेच होत होतं, त्यामुळे तळ गाठत होतास.

तेलकट_हात

उरलेलं डुलणं रिबाउंडचं. स्प्रिंग सव्वापट ताठ झाली, तिला आवरायला रिबाउंडही वाढवायला हवा. स्क्रू उजवीकडे सावकाश पूर्ण बंद होईपर्यंत फिरव, किती क्लिक झाले मोज, जोर लावू नकोस, आत बारीक सुईचं टोक असतं. मग तेवढेच परत उघड आणि तिथून दोन बंद कर. तोच रस्ता, तोच वेग. वहीत लिही.

एका वेळी एकच गोष्ट. दोन बदलल्यास तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

वळणवेडा

उत्साहाच्या भरात तीन बंद केले. डुलणं गेलं. पण घाटाच्या वरच्या टप्प्यात लाटांसारखा रस्ता आहे, तिथे चौथ्या-पाचव्या लाटेला मागची बाजू लाकडासारखी. हेच ते खाली खाली बसणं ना?

तेलकट_हात

तेच. एक उघड.

वळणवेडा

एक उघडला. दोन्हीकडे चालतंय. म्हणजे तू सांगितलेले दोनच. :)

अजून एक. वळणात टाकताना पूर्वीपेक्षा किंचित जड वाटते. पुढची बाजू उंच झाली म्हणून?

जुनं_लोखंड

पुढे दहा मिमी वर आलास. मागेही आलास, पण तुलना कर: तू रोज चालवत होतास ती सहाव्या पायरीवरची, ३८ वाली गाडी. तिच्या मानाने मागे फक्त दोन वाढले. फोर्क क्लॅम्पमधून ४-५ मिमी वर सरकव, दोन्ही पाय अगदी सारखे. तेवढ्यानेही हँडल हलकं होतं. चाकांतलं अंतर १४०० मिमी धरलं तर १० मिमी म्हणजे कोनात साधारण ०.४ अंश. ऐकायला काहीच नाही, पण हाताला कळतं. फार वर सरकवू नकोस, नाहीतर सरळ रस्त्यावर हँडल थरथरायला लागेल, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर टायर वर कशाला लागत नाही ना तेही बघ.

वळणवेडा

४ मिमी सरकवला. बास. आता हात लावणार नाही.

स्पॅनर_अकरा

असं सगळेच म्हणतात. झडपा कधी मागवतोयस?

वळणवेडा

पुढच्या महिन्यात. :(

बुलेटप्रूफ_बंड्या

मी २० काढून पुस्तिकेतलं १० भरलं. मनगटं खरंच बरी आहेत. एवढंच सांगायला आलो होतो.

एकटी_स्वार

अखेर मापं घेतली. मागे सगळ्यात खालची पायरी, प्रवास १३०. रिकामा १३, स्वारासह २४. रिबाउंड कारखान्यातून आला तसाच.

गणिती

फरक फक्त ११. मऊ स्प्रिंग नक्की. रिकामा १३ तसाच ठेवून स्वारासह ३० च्या वर आणायचा तर फरक १७-१८ होईल, म्हणजे स्प्रिंग सध्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही मऊ. इतकी मऊ मिळेलच असं नाही, आणि एकदम एवढी उडीही नको. पाऊण पट मिळते का बघा. स्वारासह २७-२८ आला तरी गाडी बदललेली वाटेल.

तेलकट_हात

आणि स्प्रिंग येईपर्यंत रिबाउंड दोन क्लिक उघडून चालवून बघा. ताठ स्प्रिंग आहे, तेव्हा उसळली तर लगेच परत बंद करा. स्प्रिंग बदलल्यावर गाडी मागे खाली बसेल, तेव्हा चेनचा ताण नव्याने बघायचा. अ‍ॅक्सल, चिमट्याचा खिळा आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते, तिथे थोडी ढील उरली पाहिजे.

वळणवेडा, तू बघितलीस का रे चेन?

वळणवेडा

...बघतो.